सागाची लाली, हिराकसाचं काळं

हिरव्या पानाचा ठसा हिरवा उठत नाही. पानं कागदात दाबून, वाफवून त्यांचे ठसे घ्यायला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा इथेच हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगून टाकते. हिरवेपणा वाफेत विरतो. कागदावर टिकतो तो पानातला तुरट अंश, म्हणजे टॅनिन. तेव्हा पान देखणं आहे का, यापेक्षा तुरट आहे का ते बघा. गुलाबाचं फूल निराश करतं, पण त्याची पानं कातरलेल्या कडांसकट उमटतात. एरंडाचं पानही भरवशाचं.

कागद मात्र सुती हवा. वहीचा कागद वाफेत लगदा होतो. मी पुण्याला गेले की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड कागद आणते. १९४० पासून तिथे सुती चिंध्यांपासून कागद बनतो, आणि तो भिजवला तरी फाटत नाही.

कागद तुरटीच्या कोमट पाण्यात भिजवायचा, एका लिटरला दोन चमचे पूड. पानं हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या (फेरस सल्फेट), पाण्यातून काढायची, त्यात चिमूटभर हिराकस पुरे. शिरांची बाजू कागदाला टेकवायची, कारण ठसा त्याच बाजूचा स्पष्ट येतो. कागद-पान-कागद असा थर दोन टाइलांमध्ये दाबून सुतळीने करकचून बांधायचा आणि दीड तास वाफवायचा. गार झाल्याशिवाय सोडायचा नाही. हे कळलं तेव्हा वहिनीचा पहिला प्रश्न होता, "ताई, आपल्या मोदकपात्रात नाही ना केलंत?" नाही केलं. हिराकस पोटात जायची वस्तू नाही; त्यासाठी भंगारातून घेतलेलं वेगळं पातेलं आहे.

माझा खरा जीव सागात. माणगावला दादाच्या बांधावर साग आहेत. पावसाच्या तोंडावर पालवी फुटते, तो कोवळा शेंडा तळहातावर चोळला की हात लालभडक होतो. लहानपणी हीच आमची फुकटची मेंदी. तीच लाली कागदावर जांभळट-लाल उतरते, आणि हिराकस लागला तर गडद वांगी होते. जून पानात ती गंमत नाही. परदेशी व्हिडिओ बघून मेपलची पानं शोधणाऱ्यांचं मला नवल वाटतं; बांधावर साग असताना मेपल कशाला?

काळा रंग हवा असेल तर हिरडा. हिरड्याच्या पाण्यात कागद बुडवला की फिकट पिवळा होतो, त्यावर हिराकसात भिजलेलं पान ठेवलं की काळा-करडा ठसा. लोखंड आणि टॅनिन भेटले की काळंच होतं. युरोपात माजूफळांची, म्हणजे ओकच्या झाडावर येणाऱ्या तुरट गाठींची शाई शतकानुशतकं वापरली गेली, तिचंही रसायन हेच. त्या शाईने जुने कागद खाल्ले, अक्षरांच्या जागी भोकं पडली, म्हणून हिराकस चिमूटभरच म्हणते. जास्त घातलात तर ठसा छान येईल, पण कागद पुढे कुडकुडीत होईल.

हळद आणि जास्वंद यांच्या मोहात मी आता पडत नाही. जास्वंदीच्या पाकळीचा निळा-जांभळा बघत राहावा असा, पण उजेडात दोन्ही उडतात. ते कागद वहीत मिटून ठेवावेत, भिंतीवर लावू नयेत.

विदर्भात कुणी तेंदूचं किंवा मोहाचं पान वाफवून बघितलं असेल तर कसं उठतं ते सांगा. आमच्याकडे ती पानं हाताशी नाहीत.