बेंचवरचे गुण

१२ ऑक्टोबर, रात्री

बास्केटबॉलची जिल्हा स्पर्धा तोंडावर आली आणि डोक्यात एकच विषय घोळतोय. पहिल्या पाच जणी दमल्या, की गुण कोण करणार?

आमच्या पोरी डिफेन्सवर जिंकतात. उंची बेताची, कोर्ट उघड्यावरचं. पण समोरच्या संघाला सुखानं एक पास देऊ देत नाहीत. सध्या सोयाबीनची सोंगणी चालू आहे. निम्म्या जणी सकाळी शेतात राबून येतात आणि संध्याकाळी तरीही गुडघे वाकवून, हात पसरून सरकत राहतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण हा सगळा खेळ पायांचा. तिसऱ्या क्वार्टरला पाय जड झाले की पायांऐवजी हात पुढे जातो, शिट्टी वाजते, आणि पाचव्या फाऊलला चांगली पोरगी बाहेर.

बदली खेळाडूनं तेवढा वेळ आघाडी सांभाळली तरी पुरे, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. आमचे सामने कमी गुणांचे. तिथे बेंचवरून आलेल्या दोन-तीन बास्केटनीच निकाल फिरतो. शिवाय बास्केट झाली की समोरच्यांना एंड लाइनबाहेरून चेंडू आत टाकावा लागतो. तेवढ्यात आपल्या पाची जणी मागे येऊन जागा धरतात. शॉट हुकला आणि परत आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, त्यांच्या हाती लागला, तर फास्ट ब्रेक, आपण मागे पोचायच्या आत धावत हल्ला. मग घोटून घेतलेला डिफेन्स उभाच राहत नाही. म्हणजे बेंचवरची पोरगी गुण करते तेव्हा ती डिफेन्सच करत असते.

डेट्रॉइट पिस्टन्सनी १९८९ आणि १९९०ला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जिंकली ती कडक डिफेन्सवर. ‘बॅड बॉइज’ म्हणायचे त्यांना. पण बेंचवर विनी जॉन्सन होता. उतरताच तापायचा, म्हणून त्याचं नाव ‘मायक्रोवेव्ह’. १९९०च्या अंतिम फेरीत पोर्टलंडविरुद्ध पाचव्या सामन्यात ९०–९० अशी बरोबरी असताना, ०.७ सेकंद उरले तेव्हा त्याचाच शॉट पडला आणि विजेतेपद आलं. १९८९ला डेनिस रॉडमन आणि जॉन सॅलीही बेंचवरूनच यायचे, ते मात्र अडवायला. बेंचवर दोन्ही प्रकारची माणसं लागतात.

आमच्याकडे नववीतली एक डावखुरी आहे. अडवण्यात कच्ची, म्हणून पहिल्या पाचात नाही. पण डाव्या बाजूनं बोर्डाला लावून मारते तो शॉट सहसा चुकत नाही. आज पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, “सर, मले काहून नाई उतरवत?”

“उतरवतो ना बाई. दुसरा क्वार्टर तूच सुरू कर.”

२-३ झोन, म्हणजे दोघी पुढे, तिघी मागे आणि प्रत्येकीनं आपापली जागा राखायची, असा लावला तर मागच्या कोपऱ्यात ती सांभाळून घेता येईल. मात्र पाची एकदम बदलायच्या नाहीत. जुन्यांपैकी दोघी तरी सोबत हव्यात. उद्या तसं खेळवून बघतो. आधी आमच्या मुख्य गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारीला, समजवावं लागेल. बाहेर बसवलेलं तिला अजिबात चालत नाही.