पाठ टेकल्यावर

मंगळवार, रात्री उशिरा

आज ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये बहुतेक वेळ मी खालीच होते. एक कॉलेजातली मुलगी माझ्या पोटावर बसलेली, दोन्ही गुडघे माझ्या बरगड्यांना घट्ट लावलेले. याला माउंट म्हणतात, स्पर्धेत त्याचे चार गुण मिळतात. आणि मला तिथे पडल्यापडल्या शांतपणे श्वास घेता आला. एवढ्यासाठी आज लिहायला बसले आहे.

अंगावर वजन आलं की नवशिक्याचा श्वास आधी अडकतो, मग हात आपोआप वर जातात, ढकलायला. ढकलताना हात सरळ होतो आणि वरच्याला नेमका तोच हवा असतो, आर्मबारसाठी, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या पेचासाठी. सर सारखं सांगतात, हाताने ढकलू नका, कंबर हलवा. कोपरं अंगाशी ठेवायची, टाचा रोवून कंबर उचलायची, म्हणजे वरच्याचा तोल पुढे जातो. तेवढ्यात कुशीवर वळून बूड मागे सरकवायचं. हे श्रिंप. कोपराने तिचा गुडघा थोपवला की मधल्या फटीतून आपला एक पाय आत येतो, मग दुसरा, आणि दोन्ही पायांची कडी तिच्या कमरेभोवती बसली की झाला गार्ड. माझी पाठ अजून मॅटवरच असते, पण आता जखडलेली ती असते. तिथून मला तिला उलटवता येतं, तिचा हात धरता येतो, पायांच्या त्रिकोणात मान पकडता येते. आज गार्डपर्यंतच पोचले. तेही दमवणारं होतं, पण काय आनंद झाला!

मामांना हे पटणं अवघड गेलं. ते सिन्नरकडचे, तालमीत वाढलेले. २०२० साली हर्षवर्धन सदगीर नाशिक जिल्ह्याकडून महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "अगं पोरी, पाठ टेकली म्हंजे कुस्ती संपली ना?" मी म्हटलं, "मामा, आमची तिथून सुरू होते." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग खालचा जिंकतो कसा, ते सांग." मी जमेल तसं सांगितलं. लहान चणीच्या माणसाला भारी माणूस खाली पाडणारच, हे आधीच धरून चालायचं आणि खाली पडल्यावर काय करायचं ते शिकायचं. मला ही कला आवडते ती याचसाठी. माझ्या वजनाच्या बाईला हे आधीच कोणीतरी शिकवायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

या कलेचं मूळ जपानी ज्युदो. मित्सुयो माएदा नावाचा ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडून शिकला, आणि पुढे कार्लोस व त्याचा धाकटा भाऊ हेलिओ यांनी जमिनीवरची झुंज वाढवत नेली. हेलिओ अंगाने किरकोळ. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तो मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूशी लढला. किमुराने त्याचा हात पिरगळून मोडला तरी हेलिओने टॅप, म्हणजे हार मानल्याची खूण, दिला नाही. शेवटी कार्लोसने टॉवेल फेकून त्याच्या वतीने हार मानली. तो पेच आता किमुराच्याच नावाने शिकवतात. हरवणाऱ्याचं नाव हरलेल्यांनी असं जपलं, हे मला फार मोठं वाटतं. हेलिओचा हट्ट मात्र पटत नाही. मला दुसऱ्या दिवशी अंबडला ऑफिसात की-बोर्डसमोर बसायचं असतं.

टॅप म्हणजे हाताने समोरच्याला किंवा मॅटवर थोपटायचं. हात अडकले असतील तर तोंडाने म्हणायचं. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, या एका नियमावर सगळं चालतं. परक्या माणसाशी इतकं चिकटून झुंजायचं, याचा सुरुवातीला संकोच वाटायचा. त्याचा हात आपल्या मानेभोवती, आपलं डोकं त्याच्या छातीखाली. घरीही याच गोष्टीवरून कुरकुर झाली. पण थोपटल्याबरोबर पकड सुटते हे अंगाने अनुभवलं की संकोच विरत जातो. आपल्या थोपटण्याला इतका मान मिळणाऱ्या जागा फार नसतात. आज त्या मुलीने माझा हात पकडला, मी थोपटलं, तिने सोडला आणि विचारलं, "ताई, दुखलं नाही ना?" मग लगेच परत सुरुवात.

पावसाळ्यात गी, म्हणजे क्लासचा पोशाख, वाळत नाही, ही एक कटकट. इतकं जाड सुती कापड पंख्याखाली दोन दिवस ओलंच राहतं. गंगापूर रोडवरून भिजत घरी यायचं आणि परत ते ओलं कापड. दुसरी गी घ्यावीच लागेल.

शनिवारी मामा पंचवटीच्या मार्केट यार्डात कोथिंबीर घेऊन येणार आहेत. संध्याकाळी क्लास बघायला येतो म्हणाले. सरांना विचारलं, ते खूश झाले. मामांची एकच अट आहे, "नुसतं बसवू नका मला, कुस्तीतला दुहेरी पट मी दाखवणार."