देवाचं काय घोडं मारलं होतं?

रविवार, रात्री पावणेबारा

नवरा पाऊण सिनेमा झाल्यावर उठला. "शेवट उद्या सांग," म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "नको, राहू दे. चर्चमध्ये लग्न लागतं." बरोबरच होतं त्याचं. मी मात्र नेटाने शेवटपर्यंत बसले. एक तर सबटायटलकडे न बघता किती कळतं ते पाहायचं होतं. शिवाय चार दिवस पावसामुळे घरातच वाळत पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या. घड्या सव्वीस झाल्या. हसू मोजून सहा वेळा आलं, त्यातलं पाच वेळा पहिल्या अर्ध्या तासात.

फ्रेंच मी अकरावीत घेतलं ते मार्कांसाठी, अर्ध्या वर्गाने घेतलं तसंच. मार्क मिळाले, भाषा गेली. तेव्हाची एक मैत्रीण परवा म्हणाली, "अगं, जावयांवरचा आहे, पोट धरून हसशील." तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा बरं, म्हणून विश्वास ठेवला.

सिनेमाचं नाव 'केस्कोना फे ओ बों द्यो?' २०१४ सालचा, दिग्दर्शक फिलिप द शोव्हेरों. इंग्रजीत त्याला लग्नाबिग्नाचं काहीतरी फुसकं नाव दिलंय. मराठीत मात्र ते जसंच्या तसं उतरतं: आम्ही देवाचं काय घोडं मारलं होतं! आमच्या आजीच्या तोंडी हे दिवसातून दोनदा असायचं, दूध उतू गेलं तरी. फ्रेंच आजीही हेच म्हणत असणार, या एका गोष्टीवर मी इतकी खूश झाले की अर्धी अपेक्षा तिथेच वाढली. फ्रान्समध्ये या सिनेमाची १ कोटी २० लाखांवर तिकिटं खपली, त्या वर्षी तिथे सगळ्यात जास्त पाहिला गेलेला सिनेमा हाच. साडेसहा कोटींच्या देशात एवढे लोक तिकीट काढून हसले आणि मी घड्या घालत बसले, म्हणजे चूक कुणाची हा प्रश्न आहेच.

गोष्ट अशी. ल्वार खोऱ्यातलं शिनों गाव. तिथे क्लोद आणि मारी व्हेर्नेय हे सुखवस्तू, कॅथलिक, द गॉलभक्त जोडपं (द गॉल म्हणजे तिकडचे जुने राष्ट्राध्यक्ष). क्लोद नोटरी. तिथला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा नव्हे, लोकांची मृत्युपत्रं, वारसा, घरांचे व्यवहार हे सगळं त्याच्या हातातून जातं, गावात मोठा मान. यांना चार मुली. थोरलीने मुसलमान नवरा केला, दुसरीने ज्यू, तिसरीने चिनी. तिन्ही लग्नं नगरपालिकेत, कायद्याने लागली. आता आईबापांची एकच इच्छा: धाकट्या लोरने तरी कॅथलिक मुलगा बघावा आणि एकदा तरी चर्चमध्ये घंटा वाजावी. आणि लोरला खरंच कॅथलिक मुलगा मिळतो. नावसुद्धा शार्ल, म्हणजे थेट द गॉलचं. देव पावला म्हणेपर्यंत मुलगा समोर येतो. तो आयव्हरी कोस्टचा, काळा.

इथपर्यंत झकास. देवाने मागितलेलं अक्षरशः दिलं आणि तरी घास घशात अडकला, ही कल्पना कुठल्याही लग्नाळू घरात चालेल. क्लोदचं काम क्रिस्तियां क्लाव्हिएने केलंय. हा माणूस १९९९ मध्ये आस्तेरिक्स, म्हणजे फ्रेंच कॉमिकमधला तो चिमुकला वीर, झाला होता, तेव्हापासून मला आवडतो. नको असलेल्या जावयाशी हात मिळवताना त्याचे ओठ हसतात आणि कपाळ हसत नाही, ते पाहण्यासारखं आहे. असे काका मी ओळखते. "आमच्यात तसलं काही नसतं हो" म्हणत हातातला कप किंचित लांब धरणारे.

शिनोंची निवडही चांगली. जिथे १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क राजा सातव्या शार्लला भेटली, ते हेच गाव. आणि दणदणीत, पोटातून हसणारा तो जुना लेखक राब्ले याच परिसरात जन्मला. एवढं सगळं दाराशी असताना सिनेमाने राब्लेकडून काहीच घेऊ नये!

बिघडतं कुठे, हे घड्या घालता घालता हळूहळू लक्षात आलं. या घरात कुणी माणूसच नाही, सगळे प्रतिनिधी आहेत. रशीद बोलतो ते मुसलमान म्हणून, दाविद बोलतो ते ज्यू म्हणून, चाओ बोलतो ते चिनी म्हणून. जेवणाच्या टेबलावर तिघे एकमेकांच्या जमातीची उणीदुणी काढतात, सासरा सगळ्यांचीच काढतो, आणि मग फिट्टंफाट. तूही वाईट, मीही वाईट, चला जेवू या. सिनेमाचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. पण कुठल्या घरात भांडण असं होतं? आमच्याकडे जातीवरून झालेलं भांडण जातीचं नाव न घेता व्हायचं. लग्नात मानपान कसा झाला, कुणाचा फोन आला नाही, साडी कुठल्या दुकानातली होती, अशा वाटांनी ते यायचं. खरा विषय टेबलावर कधी यायचाच नाही. तो नेहमी स्वयंपाकघरात, नळ सोडून, दबक्या आवाजात.

आणि मुली? चार मुलींमुळे एवढं रामायण घडलं आणि चौघींना मिळून एका जावयाइतकीही वाक्यं नाहीत. ओळखू येते ती चित्रं काढणारी सेगोलेन, तीही सारखी रडते म्हणून. एकही मुलगी बापाला म्हणत नाही की बाबा, तुम्ही मला लहानपणी अमुक म्हणाला होतात. त्यांना बालपण दिलेलंच नाही. त्या चौघी म्हणजे जावई घरात आणायचं साधन.

नाताळचा प्रसंग तर मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. मारीच्या मनात येतं की यंदा सगळ्यांना सामावून घ्यायचं, म्हणून ती तीन टर्की करते: एक हलाल, एक कोशर, एक चिनी पद्धतीची. तीन! आमच्याकडे एका लग्नाच्या पंगतीला एकादशी आली होती, तेव्हा आईने एकाच ओट्यावर उपवासाचं, बिनकांद्यालसणाचं आणि साधं असं तीन तऱ्हांचं केलं होतं. संध्याकाळी तिच्या पायांना सूज होती, पोटऱ्यांवर साडीच्या फॉलचे वळ उमटलेले. सिनेमात तीन टर्की टेबलावर येतात, वा वा होते, आणि गोष्ट लगेच जावयांकडे वळते. ते सासऱ्यासमोर उभं राहून ला मार्सेयेज म्हणतात, सासऱ्याचा ऊर भरून येतो. राष्ट्रगीत गाऊन पोरांनी परीक्षा पास केली. तीन टर्कींच्या मागे मारी किती वाजता उठली असेल, हे कुणीच विचारत नाही. शांताल लोबी ही बाई नुसत्या डोळ्यांनी हसवू शकते, हे अधूनमधून दिसतं, म्हणून जास्त चुटपुट लागते.

दोन वर्षं आधीचा, २०१२ चा 'ल प्रेनों' आठवला. तो मी तीनदा पाहिलाय. एका संध्याकाळच्या जेवणाची गोष्ट. होणारा बाप आपल्या बाळाचं नाव आदोल्फ ठेवणार म्हणतो आणि वादाला तोंड फुटतं. त्यातही पुरुषच बोलत असतात, आणि घरची बाई एलिझाबेत स्वयंपाकघर ते टेबल अशा फेऱ्या मारत असते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तिला अर्धवटच कळते. तुम्ही हसत राहता, आणि शेवटी ती तोंड उघडते. काय बोलते ती! व्हालेरी बेंगिगी या नटीला त्यासाठी सेझार, म्हणजे तिथला सिनेमाचा मोठा पुरस्कार, मिळाला. ते पाहून मी नवऱ्याकडे बघितलं होतं आणि त्याने निमूटपणे ताटं उचलली होती. मारीला तसं एक वाक्य द्यायला काय हरकत होती?

एक गोष्ट मात्र मनात घोळते आहे. फ्रान्सच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत, वंशही विचारत नाहीत. कागदावर सगळे नुसते नागरिक. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यापासून जात लिहिलेली, कुणी विचारायच्या आधी कागदच सांगतो. मग कागदावर जे विचारायचं नाही ते तिथले लोक सिनेमाच्या अंधारात विचारून घेतात का? म्हणून एक कोटी वीस लाख? रोज दाबून धरलेलं एकदम मोठ्याने म्हणायला मिळालं की हसू येतंच. विनोद तितका चांगला असावा लागत नाही.

शेवटाकडे शार्लचा बाप आंद्रे येतो, क्लोदपेक्षा दोन पावलं पुढचा कडवा, त्यालाही गोरी सून नकोच आहे. इथे मी घडी खाली ठेवली. आता दोन बाप समोरासमोर येणार, काहीतरी होणार. काय होतं? दोघे मासे धरायला जातात, यथेच्छ पितात, तोही द गॉलभक्त निघतो, मजल पोलिसांपर्यंत जाते, आणि परत येतात ते जिवाभावाचे मित्र होऊन. बायका वाट बघत बसलेल्या. मग घंटा.

आमच्या बाबांना वेळ लागला. ताईने १९९४ मध्ये जातीबाहेर लग्न केलं, रजिस्टर. बाबा गेले नाहीत, बोलले नाहीत, तिचं नाव घरात निघालं की रेडिओ मोठा करायचे. मी पुण्यात शिकायला, नंतर नोकरीला. दर दिवाळीला साताऱ्याहून परतताना आई माझ्याकडे चिवड्या-लाडवांचा मोठा डबा द्यायची. "मैत्रिणींना दे," असं बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. कुठल्या मैत्रिणी पाच किलो फराळ खातात हे बाबांनी पाच वर्षं विचारलं नाही. सहाव्या वर्षी ते पेपरमागून म्हणाले, "त्याला सुतळी बांध. एसटीत झाकण उडतं." आईचा हात तसाच डब्यावर राहिला. मग तिने सुतळी शोधायला जे ड्रॉवर उघडले, तीन ड्रॉवर, सुतळी तिसऱ्यात असते हे तिला चांगलं माहीत असताना.

त्या सुतळीएवढं एखादं दृश्य मी या सिनेमात शोधत होते. नाही सापडलं.

जाता जाता दुसऱ्या भागाची गोष्ट वाचून काढली. तो २०१९ मध्ये आला. चारही जावयांना फ्रान्स सोडून जायचंय, आणि सासू-सासरे त्यांना थांबवायच्या खटपटीत. रशीद अल्जीरियाला, दाविद इस्राएलला, चाओ चीनला, आणि नट असलेला शार्ल कुठे? भारतात! बॉलिवूडमध्ये! बाबा रे, ये. आमच्याकडे तुला खलनायकाच्या मागे हाताची घडी घालून उभं करतील, एक वाक्य देतील, तेही दुसऱ्याच्या आवाजात. फ्रान्समध्ये तुला ठरावीक साच्याच्या बाहेरचं काम मिळत नसेल, तर त्यात तुझ्या या सिनेमाचाही हात आहे, एवढं त्या दिग्दर्शकाला विचार.

साडेबारा झाले. टॉवेल अजून दमटच आहेत.

सोमवार, दुपारी

ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत ताईला फोन केला. म्हटलं, काल एक भिकार सिनेमा पाहिला, तुझी आठवण आली. नाव सांगायला सुरुवात केली, गोष्ट ऐकल्यावर ती म्हणाली, "तो ना, नोटरीचा? आम्ही दोनदा पाहिला."

"दोनदा?"

"तुझे भाऊजी तर टाळ्या वाजवत होते. त्या चिनी जावयाला उशी फेकून म्हणाले, अरे मी पण होतो रे तिथे."

मी माझं सगळं सांगितलं. प्रतिनिधी, टर्की, मुलींना वाक्यं नाहीत, मासेमारी. तिने ऐकून घेतलं. पलीकडे मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला.

"त्या सुतळीचं तू किती वर्षं कौतुक करतेस गं," ती म्हणाली. "छान सांगतेस, मान्य. पण मी त्या सुतळीसाठी सहा दिवाळ्या थांबले. आणि बाबा माझ्या घरी जेवायला आले त्याला आणखी तीन. त्या मुलीचं दीड तासात झालं. बाप दारू प्यायला, मासे धरले, लग्नाला हजर. होऊ दे की एखादीचं तसं."

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, "पण हसू येतं का तुला?"

"आपल्या बाबांना कुणी मासे धरायला नेलं असतं तर, असं डोळ्यांसमोर आणून बघ. गळ हातात, धोतर वर खोचलेलं." ती हसायला लागली, थांबेचना. मग मीही. शेजारच्या टेबलावरची मुलगी डबा खाता खाता बघत राहिली.

फोन ठेवताना तिने विचारलं, तो बॉलिवूडवाला भाग कुठे बघायला मिळेल. शोधून लिंक पाठवली.