दोन फाटकांचं आवार

आमच्या आवाराला दोन फाटकं आहेत. रस्त्याकडच्या फाटकातून कोल्हापूर शहरातली पाळीव कुत्री-मांजरं येतात. घरची माणसं लग्नाला, तिरुपतीला नाहीतर कोकणात गेली की ती आमच्याकडं राहतात आणि त्याचे आम्ही पैसे घेतो. उसाच्या बाजूच्या मागच्या फाटकातून जी येतात त्यांना मालक नसतो. पुढच्या फाटकाच्या कमाईवर मागचं फाटक चालतं. देणग्या येतात, त्यांचा आधार मोठा आहे. पण औषधाची उधारी देणगीसाठी थांबत नाही, म्हणून धंदा आधी नीट चालवायचा हे आम्ही दोघांनी पहिल्यापासून ठरवलं.

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठच्या गावात आमचा म्हशींचा गोठा होता. वडिलांचं वय झालं, म्हशी विकल्या, गोठा मोकळा पडला. बायको शहरात मेडिकलच्या दुकानात कामाला होती, त्यामुळं औषधं, डोस, इंजेक्शन यांची तिला भीती नव्हती. दारात आलेल्या जखमी कुत्र्याला ती बघायचीच. पण काम म्हणून हे आमच्याकडं आलं ते ऑगस्ट 2019 च्या महापुरात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं बाहेर काढावी लागली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. म्हशीला दावं असतं, ते धरून ओढता येतं. गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात काहीच नसतं, आणि होडीत अनोळखी माणूस दिसला की ते आणखी वरच्या पायरीवर पळतं. आमचा गोठा उंचावर होता, तो भरून गेला. पाणी उतरल्यावर बरीचशी आपापल्या गल्लीत गेली. जी राहिली त्यांच्यासाठी हे आवार उभं राहिलं. जुलै 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा पिंजरे आणि दोर हाताशी होते, आणि आवारातल्या कुत्र्यांना लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या आजाराची लस आधीच टोचलेली होती.

आमचं वर्ष उसाबरोबर चालतं. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात. नेमके त्याच वेळी कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि फडात कोयते शिरलेले असतात. मादीला व्यायला उसासारखी जागा नाही: ऊब आहे, आडोसा आहे, माणूस फिरकत नाही. मग एक दिवस टोळी येते, आडोसा जातो आणि मागे पाचट पेटवायची घाई असते. बीडकडच्या तोडणीवाल्या बायकांचेच आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात. "दादा, फडात पिल्लं हायती, डोळं बी उघडल्यालं न्हाईत." आम्ही सांगतो, आक्का, बांधाला पाचटावर ठेवा, पण गावात आणू नका. आई जवळच असते, अंधार पडला की एकेक करून नेते. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आलीच नाही तर मात्र आम्ही निघतो.

मांजराच्या पिल्लांचा फोन आला की आधी फोटो मागतो. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळे पट्टे, कानावर केसांचा झुपका, असं असेल तर ते रानमांजर. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली ते येतं, त्याला घरी नेऊन दूध पाजायचं नाही. वनविभागाचा नंबर 1926. बहुतेक वेळा त्याच फडात पिल्लं ठेवली तर रात्री आई येऊन घेऊन जाते.

हंगाम संपला की तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या मोडतात, ट्रक भरतात. टोळीबरोबर आलेलं एखादं कुत्रं मोकळ्या जागेवर तसंच बसून राहतं. या माणसांना लोक नावं ठेवतात, ते मला पटत नाही. संसार, पोरं आणि भांडी एका ट्रकात घालणाऱ्याच्या हातात फार काही नसतं. आम्ही मुकादमाचा नंबर लिहून ठेवतो. पुढच्या हंगामात टोळी परत आली की कळवतो, आणि कुत्रं आपल्या माणसांना ओळखतं.

सगळ्यात जास्त धास्ती पार्व्होची, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या आतड्याच्या आजाराची. लस नसलेलं पिल्लू आलं, उलट्या सुरू झाल्या, रक्ताचे जुलाब झाले की सलाईन आणि नशीब यावरच सगळं असतं. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्यासाठी ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी. म्हणून गोठ्याची सांध्यांची फरशी काढून आम्ही गुळगुळीत कोबा केला. एवढा खर्च आवारात दुसऱ्या कशावर झाला नाही. नवीन आलेलं जनावर दोन आठवडे वेगळं राहतं. कामाचा क्रम ठरलेला: आधी पुढच्या फाटकातली, मग मागची निरोगी, शेवटी आजारी. आजाऱ्यांच्या खोलीचे गमबूट वेगळे, बादली वेगळी. आपल्या लॅब्राडॉरला ठेवायला आलेल्या ताईंना मी हे सगळं दाखवतो. काहीजण परत जातात. जे ठेवतात ते पुन्हा येतात.

पिल्लाला आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही. आपलं गाव दुधाचं, त्यामुळं प्रेमानं आणून दिलेलं म्हशीचं घट्ट दूध पिऊन मांजराची पिल्लं हगवणीला लागलेली आम्ही खूप पाहतो. आणि मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेते.

मोठ्यांचं जेवण कण्या, उकडलेले कोंबडीचे पाय आणि लाल भोपळा. जत्रांच्या दिवसांत मावश्या डबे भरून उरलेला रस्सा आणि हाडं आणतात. भाकरी आम्ही आनंदानं घेतो. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन आतडं फाडतं आणि कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, हे समजावून बाकीचं परत देतो.

बरी झालेली जनावरं आम्ही कायमची ठेवत नाही, यावरून वाद खूप होतात. काहीजण म्हणतात, एवढं केलंत तर सोडताय कशाला? काहीजण म्हणतात, आमच्या गल्लीत परत आणू नका. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणं नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं गल्लीतलं कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही रेबीजची लागण किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून हेच सांगितलं. मला हे नुसतं कायद्यापुरतं पटलेलं नाही. लस झालेलं, ओळखीचं कुत्रं गल्लीतून काढलं की त्या उकिरड्यावर दुसरं येतं, आणि त्याची ना लस झालेली असते ना नसबंदी. आवारात जागा मोजकी आहे. म्हातारी, आंधळी, पाय गेलेली तेवढी आमच्याकडं राहतात. एक कायमचं ठेवलं की पुढच्या जखमीला फाटकातून परत पाठवावं लागतं, आणि ते मला जमत नाही.

ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय त्यांचा राग मी मनापासून समजतो. ग्रामसभेत मी तेच आधी बोलतो: जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, चटणी, हळद, चुना लावू नका, आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. लशीचे सगळे डोस पूर्ण करा, मधे सोडू नका.

नसबंदीचं ऑपरेशन आम्ही करत नाही. जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनंच ते काम करायचं असतं. ग्रामपंचायतीचं पत्र घ्यायचं, माद्या ओळखायच्या, पोचवायच्या आणि नंतर टाके सुकेपर्यंत सांभाळायच्या, एवढा वाटा आमचा. यंदा भाद्रपद यायच्या आत नदीकाठच्या गावांतल्या माद्यांची नसबंदी पूर्ण करायची आहे. पावसात टाके चिघळतात, म्हणून उन्हाळाच हातात आहे. तुमच्या गल्लीत कानाला खाच, म्हणजे नसबंदीची खूण, नसलेली मादी असेल, तर ती कुठं झोपते आणि तिला भाकरी कोण घालतं, हे आम्हाला कळवा. भाकरी घालणाऱ्या माणसाच्या हातूनच ती सहज धरता येते.