लोणच्याच्या बरणीतला कोळी

सप्टेंबरमधली गोष्ट. काटोलकडच्या खेड्यातून एक तरुण आईला घेऊन ओपीडीत आला आणि आधी त्यानं टेबलावर लोणच्याची रिकामी बरणी ठेवली. आत पाय पसरलेला मोठा, चपटा, तपकिरी कोळी. पोटाशी अंड्यांची पांढरी चकती घट्ट धरलेली.

"हेच मकडी चावली जी मॅडम आईले. सापाचं इंजेक्शन देऊन द्या."

घरातला सगळा पसारा बाहेर काढून त्यानं तो शोधला होता. मोबाइलवर ब्लॅक विडो या विषारी कोळ्याचे फोटो पाहून रात्रभर झोपला नव्हता. भीती अगदी खोटी नव्हती. ब्लॅक विडोच्या विषानं पोटापाठीचे स्नायू आवळतात, दरदरून घाम फुटतो. सिडनीचा फनेल-वेब कोळी तर माणसाचा जीव घेऊ शकतो. पण 1981 मध्ये त्याच्यावर प्रतिविष आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशानं मृत्यू झाल्याची नोंद नाही. बरणीतला मात्र भिंतीवर झुरळं पकडणारा आपला घरगुती कोळी होता. चावला तर दुखेल, सुजेल, एवढंच. आणि सापाचं प्रतिविष कोळ्याच्या विषावर चालतच नाही.

पण त्या बाईंची अवस्था मला बरी दिसेना. आठ दिवसांचा ताप, डोकं ठणकतंय, डोळे लाल, श्वास जलद. ऑक्सिजन 91. पडदा ओढला. कमरेला, परकराच्या नाडीखाली, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लाल कडा. तिच्यावर चुना लावलेला. जांघेत गाठी.

"मावशी, हे दुखतं का?"

"नाई वं माय. खाजवतबी नाई. पोरानंच पाह्यलं."

त्या 'नाई'नं माझे हात गार पडले. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूला स्क्रब टायफस या किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची साथ आली होती. तापाच्या रुग्णाची काख, जांघ, कंबर, कानामागची जागा उघडून पाहायची, हे तेव्हापासून अंगात मुरलंय. न दुखणारी काळी खपली म्हणजे कोळ्याचा नव्हे, गवतातल्या किड्याचा चावा. चिगर माइट नावाच्या या किड्याची पिल्लं मिलिमीटरहूनही लहान, चावलेलं कळतही नाही. त्यांच्यातून जंतू रक्तात जातात आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू कशालाही धरतात. औषध मात्र साधं, स्वस्त: डॉक्सिसायक्लिन. उशीर झाला तरच माणूस हातचा जातो, आणि इथे दोन दिवस कोळी शोधण्यात गेले होते. मला त्या पोराचा राग आला नाही. त्यानं जिवाच्या आकांतानं शोधलं होतं, फक्त भलत्या जागी.

रक्त एलायझा या तपासणीसाठी पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. औषध आणि ऑक्सिजन लगेच सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, आणि मावशींनी चहा मागितला. रिपोर्ट पॉझिटिव्हच आला.

पोराला विचारलं, आई गवत कुठे कापते?

"संत्र्याच्या बगीच्यात. शेजारची काकी बी असते संगं. तिलेबी ताप आहे पाच दिवसांपासून, पण तिले काई चावलं नाई."

"तिला आजच आण."

संध्याकाळच्या एसटीनं ती आली. खपली तिच्या कानामागे होती, अंबाड्याखाली झाकलेली.