तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे फोटोवरून काढलंय का हो?’

जुन्या तैलचित्रांची स्वच्छता आणि डागडुजी हा माझा गेल्या वीसेक वर्षांचा व्यवसाय आहे. माझ्याकडे येणारी चित्रे बहुतेक घरगुती असतात: कोणाचे पणजोबा, कोणाची खापरपणजी, वाडा बांधणारा पूर्वज, क्वचित एखाद्या सभागृहातील देणगीदार. काळ साधारणपणे 1880 ते 1920. चित्र टेबलावर आडवे ठेवून मी भिंग लावले, की मागे उभे असलेले कोणीतरी हलक्या आवाजात विचारते, ‘हे फोटोवरून काढलंय का हो?’ विचारण्याचा सूर असा असतो, की उत्तर ‘हो’ आले तर घराण्याच्या इभ्रतीला बट्टा लागणार आहे. उत्तर पुष्कळदा ‘हो’ असेच असते, आणि ते लपवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

ओळखायचे कसे, तेही सांगते. जेथे रंगाचा थर पातळ असतो तेथे कधीकधी खालून पेन्सिलीच्या चौकटी डोकावतात. छायाचित्रावर लहान चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर तेवढ्याच संख्येने पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक घर उचलून मोठे करायचे, ही त्या काळची सर्रास रीत होती. काही वेळा तर मोठ्या केलेल्या छायाचित्रावरच तेलरंग चढवलेला असतो. कडेचा रंग उडाला, की खालचा कागद दिसतो. माझ्या मते सर्वांत बोलकी खूण मात्र हातांची आहे. चेहरा कसून रंगवलेला आणि हात मात्र मांडीवर ठेवलेल्या हातमोज्यांसारखे, असे दिसले, की चित्रकाराजवळ केवळ मुखवट्याचा फोटो होता आणि उरलेला माणूस त्याने पदरचा घातला, असे समजावे.

कॅमेरा आला आणि चित्रकाराच्या पोटावर पाय आला, ही आपण ऐकत आलेली गोष्ट युरोपातली आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये निघाली आणि पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून नावारूपाला आलेली शाळा 1857 मध्ये. म्हणजे त्या शाळेतून तेलरंग शिकून बाहेर पडलेल्या पिढीने कॅमेऱ्याशिवायचे जग पाहिलेलेच नव्हते. फोटो तिच्या धंद्याचा वैरी नव्हता. बऱ्याच अंशी तो तिचा कच्चा माल होता. फोटो हातात मावेल एवढा, रंगहीन आणि कालांतराने पिवळा पडणारा; दिवाणखान्यात किंवा अग्यारीच्या दालनात हार घालून टांगायला तो पुरत नसे. शिवाय ज्याचे चित्र हवे तो माणूस अनेकदा हयात नसे. पुढ्यात बसणार कोण?

या पिढीचा चरितार्थ कसा चालत असे, याचे एकच एक उत्तर नाही. पेस्तनजी बोमनजी (1851–1938) यांची तरुणपणाची वर्षे जे. जे.मधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात गेली, आणि पुढे पारशी कुटुंबांची व्यक्तिचित्रे हा त्यांचा मोठा आधार झाला. त्यांचे ज्येष्ठांचे चेहरे मला त्या काळातले सर्वांत निवांत चेहरे वाटतात. कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले; तरी त्यांची मीठभाकर जे. जे.तील मास्तरकीवर चालली आणि तिच्या जोडीला पुस्तकांतली चित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती असे जे येईल ते त्यांनी केले. पदकाने भिंत सजते, चूल पेटत नाही, हे त्यांना लवकर कळले असावे. राजा रविवर्म्याला तर बडोद्यासारख्या संस्थानाचा आश्रय होता. त्यानेही 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला नेला आणि अखेर विकून टाकला. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, तरी कोटितीर्थाच्या काठी ते फकिरासारखे राहिले आणि माणसांपेक्षा तळ्याचे पाणी व झाडे रंगवण्यात रमले. त्यांच्याविषयी मला थोडा पक्षपात आहे, हे कबूल करते.

आता पुन्हा फोटोकडे वळते, कारण खरी मेख तेथेच आहे. त्या काळी फोटो ज्यांवर उमटत त्या रसायन लावलेल्या काचांना निळा रंग फार चटकन दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे वस्त्र फोटोत पांढुरके उतरे आणि लाल वस्त्र काळे. कपाळावरचे कुंकूसुद्धा काळ्या ठिपक्यासारखे दिसे. चित्रकाराला हे ठाऊक असे. म्हणून कॅनव्हासला हात घालण्यापूर्वी घरच्यांना विचारावे लागे: वर्ण कसा होता, डोळे घारे होते का, पागोटे कोणत्या रंगाचे, शेला कोणता. म्हणजे अर्धे चित्र फोटोवरून आणि अर्धे लोकांच्या आठवणीवरून होत असे, आणि आठवण देणारे माणूस चुकले, की चित्रही चुके.

काही वर्षांपूर्वी एका घरातून पणजीचे चित्र माझ्याकडे आले. पावसाळ्यातल्या दमट हवेने कॅनव्हास सैलावला होता, उन्हाळ्यात तो पुन्हा ताणला गेला होता, आणि या ओढाताणीत रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या; आपल्याकडच्या तैलचित्रांचे हे नेहमीचेच दुखणे. वर व्हार्निश काकवीसारखे गडद झालेले. पणजीच्या अंगावर काळी चंद्रकळा होती. चित्राबरोबर मूळ फोटोही जपून ठेवलेला होता, आणि त्यातही लुगडे काळेच दिसत होते. घरातल्या आजी मात्र ठामपणे म्हणाल्या, ‘चंद्रकळा नव्हे ती. तिच्या लग्नातला शालू आहे, लाल. अजून पेटीत आहे.’ चित्रकाराने कुंकू बरोबर लाल केले होते, कारण कुंकू लालच असते हे कोणाला विचारावे लागत नाही. लुगड्याचा रंग मात्र त्याला कोणी सांगितला नसावा, किंवा त्याने विचारला नसावा.

‘मग लाल करून द्याल का?’ असे मला विचारण्यात आले. मी नकार दिला. चुकीचा रंगही त्या चित्रकाराच्या हातचा आहे आणि त्यावर माझा हात फिरवण्याचा मला अधिकार नाही. आजी थोड्या रुसल्या. व्हार्निश उतरवायला तीन आठवडे लागले. त्याखालून काठ वर आला तेव्हा मी त्यांना बोलावून घेतले, आणि येताना शालू आणायला सांगितले. आम्ही तो टेबलावर चित्राशेजारी उलगडला. काठातल्या कुयऱ्या, त्यांच्यामधली वेल, पदराजवळ एका कुयरीचा मोडलेला देठ, सगळे चित्रात जसेच्या तसे होते. आजींनी बोट लावून एकेक कुयरी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘देठसुद्धा काढलाय मेल्यानं.’