कुंभार्ली घाट, तापलेली गाडी आणि न उडालेलं हेड पॅकिंग

पुण्याहून गुहागरला उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण असं जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. हा घाट जाताना उतरायचा असतो आणि येताना चढायचा. "कुंभार्ली काय, किरकोळ घाट, डोळे मिटून चढते गाडी" असं आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी तो फक्त उतरलेला असणार. मे महिन्यात, भर दुपारी, चार माणसं, आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू ठेवून चढायचा असेल तर तो किरकोळ नाही.

गुहागरचे दिवस मजेत गेले. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर कऱ्हाडच्या रस्त्याला वळलो, पोफळीपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, मध्याच्या जरा खाली. घाट लागला तो जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे. दुसरा गिअर, कधी पहिला, वेग ताशी पंधरा, ओव्हरटेकला जागा नाही. साधारण अर्ध्या वाटेवर एसीतून कोमट हवा यायला लागली आणि पाठोपाठ काटा वर सरकू लागला. लाल पट्टीला टेकायच्या आत एका वळणाच्या रुंद कडेला गाडी घेतली. बॉनेट उघडलं तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रावाची) प्लास्टिकची बाटली खदखदा उकळत होती.

इथून पुढे जे घडलं त्यासाठीच हे सगळं लिहितोय. मागून आलेल्या एका दुचाकीवाल्याने खालच्या कोणा मिस्त्रीला फोन लावून दिला. मिस्त्री आला, बॉनेटमध्ये डोकावला, एका वरच्या नळीला बोट लावलं आणि म्हणाला, "साहेब, हेड पॅकिंग उडालंय. आता चालवलीत तर इंजिन जाम." (हेड पॅकिंग म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं सील.) पाना नाही, टॉर्च नाही, काही उघडून बघणं नाही. खर्च विचारला तर अठरा ते वीस हजार, गाडी टो करून त्याच्या गॅरेजला न्यायचे सात हजार वेगळे. घाट उताराचा, अंतर मोजकं, तरी सात हजार! वर "तोवर कूलंट तरी टाका" म्हणून एका कॅनचे नऊशे घेतले आणि 'चेकिंग'चे पाचशे. कॅनवर ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनाचं, प्रमाण नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत हिरव्या रंगाचं पाणी. जाताना एक सल्ला फुकट दिला: "थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढूनच टाका, आपल्या हवेत लागतच नाही तो." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरतं गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.)

चौदाशे रुपये गेले. बायकोने माझ्याकडे आणि मी दरीकडे बघितलं.

निकाल आधीच सांगतो, शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. हेड पॅकिंग शाबूत होतं. गेला होता तो रेडिएटरच्या पंख्याचा रिले, पंख्याचा करंट चालू-बंद करणारी अडीचशे रुपयांची डबी. जोडीला रेडिएटरच्या झाकणाचं रबर वाळून चिरलेलं. दोन्ही दुरुस्त्या चिपळुणात मावशीच्या अंगणात झाल्या.

आधी खाली कसे आलो ते. तासाभरापेक्षा जास्त वेळ बॉनेट उघडं ठेवून थांबलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, फडकं घेऊनही नाही. वरची जाड नळी हाताने दाबता येईल इतकी गार आणि मऊ झाली की मगच. तापल्या इंजिनवर गार पाणी ओतायचंही नाही, हेडला तडा जायचा तो तिथेच. मग गाडी वळवली, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता खेचून घेतो. मे महिन्यात कोकणात हीटर! काचा खाली, पोरं लालबुंद. पण उतरणीला गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीत इंजिनवर भार नसतो, त्यामुळे काटा हलला नाही. पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर इंजिन बंद करण्याचा शहाणपणा कोणी करू नये. ब्रेकचा जोर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातं.

मावशीकडे पोचलो तेव्हा काकांनी गाडी नारळाच्या सावलीत लावून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "पंखा फिरतो का?" मिस्त्रीने चौदाशे घेऊन हे विचारलं नव्हतं.

पान्यांचा सेट, मल्टिमीटर, टॉर्च, रबरी हातमोजे आणि वाकून काम करण्याइतकी धड कंबर तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं सांगतो. नसेल तर निदान पहिली तपासणी करा, तिला काहीच लागत नाही.

गार इंजिन सुरू करा, एसी लावा, खाली उतरून जाळीत बघा. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. आमचा ढिम्म. उभ्या गाडीत किंवा रांगेत एसी कोमट आणि वेग घेतला की पुन्हा गार, असं होत असेल तर जवळपास याचीच खूण. हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाने समोरचा वाराच रेडिएटर गार करतो, पंखा मेलाय हे कळतसुद्धा नाही. घाटात ट्रकमागे वारा नसतो आणि इंजिन मात्र जीव तोडून ओढत असतं. उलट, हळू चालताना ठीक आणि वेगात तापते अशी तक्रार असेल तर पंख्याच्या मागे लागू नका. रेडिएटर चोंदलाय का, पाण्याचा पंप म्हणजे मिस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो गेलाय का, ते बघा.

पंखा फिरत नाही म्हटल्यावर तीन जागा: फ्यूज, रिले, मोटर. इंजिन आणि चावी बंद करून पंखा बोटाने फिरवून पाहिला, मोकळा होता. अडकत असेल तर मोटरच खराब, आणि अशी मोटर नवा रिलेही जाळते. (चावी बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. बॅटरीची वायर काढून मगच बोट घाला.) मग मोटरचा प्लग काढून, मध्ये फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी बॅटरीवरून थेट करंट दिला. घरघरला! म्हणजे मोटर चांगली. फ्यूजही चांगला. उरला रिले. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतून नकाशा छापलेला असतो. त्यात हॉर्नचा रिले त्याच नंबरचा निघाला. नंबर आणि पिना तंतोतंत जुळत असतील तरच तपासण्यापुरती अदलाबदल करायची. केली, एसी लावला, पंखा सुरू, हॉर्न बंद. काका इतके खूश झाले की हॉर्नच्या नावाने स्वतःच "पों" करून दाखवलं.

जुना रिले फोडला तर आतले काँटॅक्ट काळेठिक्कर.

पण त्या मिस्त्रीने 'हेड' हा शब्द डोक्यात सोडला होता, तो असा सहज निघत नाही. म्हणून तेही बघितलं. ऑइलचं झाकण उघडलं, आत दुधाळ साय नाही. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर नाही. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली, सुरुवातीला थोडे बुडबुडे आले (अडकलेली हवा असते) आणि थांबले. हेड पॅकिंग उडालेलं असतं तर ते थांबले नसते, आणि झाकण लावून गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरची नळी दगडासारखी टणक झाली असती. एक सावधगिरी: पावसाळ्यात किंवा फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय ओलाव्यानेही धरते. तेवढ्यावरून हेड उघडायला देऊ नका. खात्रीच करायची तर रंग बदलणाऱ्या द्रावाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाशी इंजिनमधला जळका वायू आला की निळा द्राव पिवळा होतो. ही चाचणी न करता हेड उघडायला निघालेल्या मिस्त्रीला गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाकणाचं दुखणं वेगळं. बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा, ही त्याची खूण. गरम झालेलं कूलंट बाटलीत जातं आणि गार होताना झाकणातली छोटी झडप ते परत ओढून घेते. रबर मेलं की जातं ते परत येत नाही. शिवाय दाब धरत नाही. साधारण ०.९ बार जादा दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहून वर. दाबच नसेल तर शंभराच्या थोडं पुढे गेलं की खदखद सुरू. नवं झाकण घेताना जुन्यावर कोरलेला आकडा बघून तोच मागा. "कुठलंही चालतं" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून कुठलंच घेऊ नका.

आता त्या थर्मोस्टॅटच्या फुकट सल्ल्याबद्दल, कारण तो जागोजागी मिळतो आणि शेजारच्या आजोबांनीही अंगणात येऊन तोच दिला. काढू नका. वॉल्व्ह काढला की इंजिन नेहमीच गरजेपेक्षा गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर तो बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करण्याचंही काम करतो, त्यामुळे काढल्यावर गाडी जास्त तापते. वॉल्व्ह अडकलाय का हे न काढताही कळतं: इंजिन पुरतं गरम झालं, वरची नळी चटका देते आणि खालची गारच, तर वॉल्व्ह बंद अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय. मग काढून पातेल्यात पाण्यात लटकवा, गॅसवर ठेवा, थर्मामीटर धरा. त्यावर ८२ कोरलं असेल तर त्या सुमाराला उघडू लागला पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. आमच्या दोन्ही नळ्या गरम होत्या, त्यामुळे मावशीची पातेली वाचली.

नऊशेचं हिरवं पाणी काढून टाकणं हेच सर्वांत किचकट काम. रेडिएटरच्या तळाचा नळ सोडून सगळं बादलीत घेतलं, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतलं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार आत बसतात. बादली झाकून ठेवा. खऱ्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. परसात, माडाच्या आळ्यात, विहिरीजवळ तर अजिबात ओतू नका. आम्ही ते कॅनमध्ये भरून पुण्याला आणलं. भरताना गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचंच कूलंट घ्या, रंगावर जाऊ नका. आमच्या लहान गाडीला चार लिटरच्या वर लागलं. गाडीचं नाक चढावर, चाकांमागे दगड, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू, अधूनमधून वरची नळी दाबायची. हवा निघते तशी पातळी खाली जाते, घालत राहा. बुडबुडे थांबले आणि पातळी तोंडाशी आली की झाकण लावा, मग पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हे टाळलंत तर आत हवेचा गोळा राहतो आणि गाडी पुन्हा तापते, मग पुन्हा कोणीतरी 'हेड' म्हणतो.

रेडिएटर आणि एसीच्या जाळीत लाल माती आणि किडे गच्च होते. पाण्याची नळी इंजिनच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने मारा, साध्या धारेने. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारला की पाती वाकतात.

चिपळुणात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतील असं धरून चाला. रिले, झाकण, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर मिळून दोन हजारांच्या आत आटपलं. मिस्त्रीचे चौदाशे त्यात धरलेले नाहीत आणि मी ते विसरणारही नाही.

पुन्हा चढलो ते पहाटे उजाडायच्या आत. मावसभावाने ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) दिला होता, मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसत होतं. नव्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांनी हा रीडर घ्यावाच, हजाराच्या आत येतो. पोफळीला ८८, घाटात ९६ झालं की पंखा सुरू, ९१ ला बंद. पुन्हा एका ट्रकमागे अडकलो, एसी मुद्दाम लावला, ९८ च्या वर गेला नाही. हेळवाकला चहा प्यायलो तेव्हा मी टपरीवाल्यालाही आकडे सांगत होतो. त्याने भजी पुढे केली.

पुण्याहून निघणाऱ्यांनी खंबाटकी चढताना एसी लावून काट्यावर नजर ठेवावी. तिथे हलला तर साताऱ्यात पंखा तपासून घ्या, कुंभार्लीपर्यंत नेऊ नका. परत आल्यावर आठवडाभर सकाळी गार इंजिनवर बाटलीची पातळी बघा, खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. घाटात कोणी बॉनेटमध्ये डोकावून वीस हजार सांगितले तर एसीचं बटण दाबायला सांगा. तो पंख्याकडे बघत नसेल तर पैसे देऊ नका, गाडी टोही करू देऊ नका. उतार आहे, गार झालेली गाडी इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, सहज खाली येते.